एका शेपटीचे शब्द

मार्च सरत आला होता आणि पाऊस आला. खाडीकडून, भरतीच्या पाण्याबरोबर, कोणी न बोलावता. बाळकुमच्या मिठागरात मिठाचे ढीग उघडेच होते. खाडीचं पाणी वाफ्यात अडवायचं, उन्हानं आटवायचं. वर आधी दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा धरतो, तो मोडून तळाला बसतो, आणि मग कुठे दाणा पडतो. हे सगळं व्हायला दिवसच्या दिवस जातात. विरघळायला एक सर पुरते. म्हणून आभाळ भरून आलं की आगरावरची माणसं स्वतःसाठी आडोसा शोधत नाहीत, आधी गवताच्या पेंढ्या शोधतात.

बायजा कोलशेतच्या लग्नघरातून एकटीच परतत होती. बांधावर तिला पावसानं गाठलं. पदर डोक्यावर ओढून ती पळणार, इतक्यात शेजारच्या ढिगापलीकडून दोरीचं एक टोक उडत आलं आणि तिच्या पायाशी पडलं.

"धर ती! वढून धर!"

कोण, कोणाला, हे कळायच्या आत तिनं दोरी धरलीसुद्धा. पलीकडचा माणूस ढिगावर पेंढ्या रचत होता आणि रचता रचता पुटपुटत होता. मंत्र म्हणावा, तर मध्येच अडखळत होता.

"कोल्ड म्हंजे थंड. गोल्ड म्हंजे सोना. होल्ड म्हंजे… होल्ड… हां, धर! सोल्ड म्हंजे इकला. टोल्ड म्हंजे सांगितला."

मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा त्याच जागी गाडी अडली. पावसाचा जोर वाढला, दोरीनं बायजाच्या तळव्यांना आग लागली, आणि तो आपला "होल्ड म्हंजे… होल्ड म्हंजे…"

"धर!" बायजा वैतागून म्हणाली.

पलीकडे एकदम शांत झालं.

"कोन हाय?"

"दोरी धरनारी."

"तुना इंग्रेजी येता?"

"तुना येता का, ते आदी सांग. मी मगाशी आयकला तेच बोल्ली."

ढिगाच्या माथ्यावरून एक डोकं वर आलं. केसांत गवत, भुवयांवरून पाणी, आणि चेहऱ्यावर असं आश्चर्य, की बायजाला हसू आवरेना. तोही हसला. मग त्याची नजर तिच्या मोकळ्या कपाळावर गेली आणि तिथून पटकन बाजूला झाली. ती नजर बायजाच्या ओळखीची होती. लोक तिच्या कपाळाकडे पाहत आणि मग कुठेतरी दुसरीकडे. पण हा मात्र थोड्या वेळानं पुन्हा तिच्याकडेच पाहू लागला — आणि या खेपेला कपाळाकडे नाही.

एवढं होऊनही निम्मा ढीग वाहून गेला.

बायजाचा नवरा तापानं गेला तेव्हा तिला तो नीट आठवावा इतकंही तिचं वय नव्हतं. सासरी काही वर्षं राबून, दोन दिवाळ्यांपूर्वी ती सखुमावशीकडे बाळकुमला राहायला आली होती. सखुबाई ही गावची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात मान धवलारणीचा. हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला तिनं गायचा, बाकीच्या बायकांनी तिच्यामागून ओळ झेलायची. धवल्याशिवाय लग्न लागलं असं कोणी मानत नसे. धवलारणीला सवाष्ण-विधवा असा भेदही नव्हता. तिच्या कपाळापेक्षा तिचा गळा मोठा. सखुबाईचा गळा आता खोकल्यानं बसत चालला होता, म्हणून ती बायजाला शिकवत होती. लिहून ठेवायचं नाही, विचारायचं नाही. ऐकायचं, म्हणायचं, चुकलं की पुन्हा वरून म्हणायचं. बायजाला एकदा ऐकलेलं सहसा चुकत नसे. मांडवात ती गाऊ लागली, की तिचा पदर अशुभ आहे हे त्या तेवढ्या वेळापुरतं सगळे विसरत. तीसुद्धा.

दोरीचं टोक टाकणारा तो काळुराम. लागोपाठ दोन हंगाम पावसानं नेले, म्हणून त्याचं लग्न राहिलं होतं; आणि म्हणूनच त्याला आगर सोडून मीठ खात्याच्या नाक्यावर कारकून व्हायचं होतं. ठाण्याच्या एका मास्तरांनी त्याला अक्षरओळख करून दिली होती आणि एक फाटकं शब्दांचं पुस्तक दिलं होतं. पावसाळ्याच्या तोंडी साहेबापुढे तोंडी परीक्षा व्हायची होती. त्याला वाचता येई, अर्थही कळे. पण पाठांतर? ते काही केल्या डोक्यात ठरत नसे.

उन्हं पुन्हा तापली, वाफ्यांत पुन्हा पाणी घेतलं. बायजा डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहायला आगरावर जाऊ लागली. मावशीला तिनं सांगितलं, की घरात बसून कंटाळा येतो. मावशी फक्त "हं" म्हणाली.

"त्या बुकात काय लिवलाय?" तिनं एके दुपारी विचारलं.

काळुरामनं पान उघडून दाखवलं. "ये बग. समदे शब्द एका शेपटीचे. मागची तीन अक्षरा तीच. फकत डोका बदलता."

"म्हंजे एका घरच्या बाया. लुगरा तोच, तोंड येगला."

"तसाच. आनि प्रत्येकीचा अर्थ येगला. एकीचा दुसरीला लावला, तं साहेब बोल्लाच, जा, मीठ उपस."

बायजानं त्या काळ्या खुणांकडे निरखून पाहिलं. शेवटच्या तीन खुणा खरोखर वरून खालपर्यंत सारख्याच होत्या. तिला वाचता येत नव्हतं, पण सारखेपणा ओळखायला वाचता कशाला यायला हवं? त्यांच्या धवल्यातही ओळीचं शेपूट तेच असे आणि डोकं बदलत जाई. त्यामुळेच तर शेकडो ओळी ध्यानात राहत.

"वाच," ती म्हणाली.

त्यानं वाचलं. तिनं डोक्यावरची पाटी सारखी केली आणि हळदीच्या धवल्याच्या चालीवर, पावलाच्या ठेक्यात, सगळी रांग गाऊन दाखवली. कोल्ड, गोल्ड, होल्ड, सोल्ड, टोल्ड, ओल्ड, फोल्ड… आणि दर शब्दामागे तिनं त्याच्यासाठी जागा सोडली.

"आता तू झेल."

"मी? बाया झेलतात."

"मंग नापास हो."

त्यानं झेललं. थंड, सोना, धर, इकला, सांगितला, म्हातारा, घडी. एकदाही न अडखळता. दोघंही बांधावर थबकली. खाली वाफ्यात त्यांच्या सावल्या मिठाच्या सायीवर हलत होत्या.

"तू कोन हायस गो?" तो हळूच म्हणाला.

"पाटीवाली," ती म्हणाली आणि निघून गेली. पण त्या दिवशी पाटी तिला जड लागली नाही.

मग रोज एक रांग. नाइट, लाइट, फाइट, टाइट. कीप, डीप, वीप, स्लीप. आगरावरच्या बाया आधी हसल्या, मग नकळत त्याही झेलू लागल्या. "आज कोनची रांग गायची, मास्तरीनबाय?" असं मुद्दाम विचारत. उजेडाला लाइट आणि रात्रीला नाइट हे तर पोरासोरांच्याही तोंडी झालं.

"या नाइट-लाइटच्या रांगेत मदी दोन अक्षरा मुकी हायत," काळुरामनं एकदा सांगितलं. "लिवायची, पन बोलायची नाय."

"मंग ठेवलीत कला, कशापायी?"

"काढली तं शब्द चुकतो."

"आमच्यासारकी," ती म्हणाली. "पंगतीला बसायचा. हाक कोनी मारायची नाय."

"मी मारतंय ना."

"काय?"

"हाक." त्याचे कान लाल झाले होते. "रोज मारतंय. मनात."

वीप म्हणजे रडणं, स्वीप म्हणजे झाडणं, एवढंच ती मान वळवून पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि क्रम चुकला.

मेमध्ये नंदाचं लग्न आलं. नंदा पाटलाची धाकटी, घर मोठं, मांडवात पंचक्रोशी. सखुमावशीचा आवाज त्या सकाळी फुटेचना. "आज तू एकलीच गा," ती खुणेनंच म्हणाली. बायजा पहिल्यांदा मुख्य धवलारीण म्हणून पाटावर बसली. आभाळ मळकं होतं, वारा पडला होता. हळदीचा वास आणि माणसांचा घाम. ती गाऊ लागली आणि कुजबुज थांबली. सगळं छान चाललं होतं. मग तिनं सहज मान वर केली आणि पुरुषांच्या घोळक्यात तिला काळुराम दिसला. तो तिच्याकडे असा पाहत होता, जसं कोणी पाहू नये.

चाल तीच होती. रोज बांधावर जिथे ती वळण घेई, तिथेच गळ्यानं वळण घेतलं.

"कोल्ड…" बायजानं गायलं, आणि तिचं तिलाच कळलं. पण गळा थांबला नाही, "सोल्ड" बाहेर पडलं, "ओल्ड"ही पडलं. आणि घोळक्यातून, सवयीनं, अगदी ठेक्यात, काळुरामचा खणखणीत आवाज आला —

"थंड! इकला! म्हातारा!"

हळद लावणारे हात नंदाच्या गालाशी तसेच राहिले. कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच थांबलं.

"हल्दीच्या येलेला पोरीला थंड बोलता?" नंदाचा बाप उठला. "इकली बोलता? जावाय म्हातारा? ह्यो काय मंतर टाकलास गो माज्या पोरीवर?"

"मंतर नाय, पाटील, ते बुकातला…" काळुराम पुढे आला.

"तू गप! तुज्या बुकातला तिच्या तोंडात कसा आला, ते गावाला कला इचारायचा?"

विचारायची गरजच उरली नाही. सगळ्यांना एकाच क्षणी कळलं. बायजा पाटावरून उठली. उरलेले धवले सखुमावशीनं फुटक्या आवाजात, खोकत खोकत कसेबसे पुरे केले. पंचांनी सांगितलं, या प्रकरणाचा निकाल लागेपर्यंत बायजानं मांडवात गायचं नाही. परतताना मावशी तिच्या दहा पावलं पुढे चालली. बांधावर फक्त तिच्या खोकल्याचा आवाज होता, आणि ओहोटीचा चिखल हलके हलके फुटत होता तेवढा.

खरा पावसाळा लागला. मिठागर पाण्याखाली गेलं. बायजा घरात बसून भाताच्या पेंढ्या आवळी आणि काहीही गुणगुणत नसे.

श्रावणात एका दुपारी काळुराम दाराशी आला. छत्रीशिवाय, नखशिखांत भिजलेला. मावशी आत पडून होती.

"पास झालो."

बायजानं त्याच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहत होती ती! "कसा?"

"साहेबानं इचारला, फोल्ड. आनि डोका रिकामा. काय करू? मंग वरपासून लावला. कोल्ड, गोल्ड…"

"गायलास? साहेबाम्होरं?"

"हलूच गायलो. तरी साहेबाचा कुत्रा उठून बसला. फोल्डवर आलो आनि ओरडलो, घडी! साहेब टेबलावर बोटां वाजवीत होता. बोल्ला, अजून एक गा."

बायजा हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. वळचणीचं पाणी दोघांच्या मधोमध पडत होतं.

"उरणच्या नाक्यावर नेमलाय," तो म्हणाला. "मागशीर्षात जायचा. बायजा… मी बाबाला बोल्लोय. पंचांनाबी. पाट लावून नेतो तुला. रीत हाय आपल्यात."

रीत होती. विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लावता येई. मात्र नवऱ्याचं हे पहिलंच लग्न असेल, तर आधी त्याचं रुईच्या झाडाशी रीतसर लग्न लावायचं, मग ते झाड तोडायचं. म्हणजे तोही बिजवर ठरला. मग पाट. तो कातरवेळी, मागच्या दारी, धवल्याशिवाय, गुपचूप.

"आनि माजा गाना?" बायजानं विचारलं.

तेही काळुरामला ठाऊक होतं. पाट लावलेल्या बाईनं धवले गाऊ नयेत, अशी गावाची समजूत होती. नवरा मेला ते देवाचं करणं, पण दुसरा केला ते तिचं स्वतःचं. तेवढ्यानं गळा बाटतो. पंचांनी निरोपातच सांगितलं होतं. तिनं पाट लावला नाही, तर झालेली चूक ते पोटात घालतील आणि येत्या हंगामापासून तिनं खुशाल गावं. लावला, तर कधीच नाही.

"तिकरं कोनाला म्हायती, तू धवलारीन हायस?" तो अखेर म्हणाला.

"मना म्हायती."

पाणी पडत राहिलं.

"मंग मी नाय जात," तो म्हणाला. "आगरावरच ऱ्हातो. तू गा. मी लांबून आयकीन."

"आनि रोज लांबूनच बघशील?"

"बघीन."

"येरा हायस." तिनं डोळे पुसले. "जा आता. मी इचार करतंय."

"त्या इचारात मी हाय का?"

"हायस. पन एकला नाय."

तो गेल्यावर तिनं आत येऊन मावशीचे पाय चेपायला घेतले. मावशी छताकडे पाहत पडली होती. सगळं ऐकू गेलं असणार.

"मावशी, मी गेली तं धवले कोन गाईल?"

मावशीनं बराच वेळ श्वास गोळा केला. "कशेलीवरशी आनतील कोनाला तरी. धवलं मानसासाठी थांबत नाय."

"तू रागावलीस?"

"हां." मावशीनं डोळे मिटले. "दोन सालां शिकवला तुला. रागवायची नाय तं काय नाचू? पन गला तुजा हाय आनि जलमबी तुजाच."

बायजाला हुंदका फुटला. मावशीनं चाचपडत तिचा हात धरला. "ररायचा तं आता रर," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्याच्या रुईच्या लग्नाला दुसरी कोन हाय गावात गायला? तवा ररलीस, तं गला बसल."

मार्गशीर्षातली ती दुपार थंड आणि राखाडी होती. शेताच्या कडेला रुईचं झुडूप होतं. त्याला पिवळा दोरा गुंडाळला होता, हळद लावली होती. शेजारी पाटावर मुंडावळ्या बांधलेला काळुराम. बाया त्याला सोडतात होय?

"नवरी गोरी हाय रे, काळू!"

"आनि बोलत नाय. सासूला अशीच सून पायजे."

"उरणला न्हेशील, तं बोकर खाईल तिला, जपून!"

काळुराम हसला नाही. तो बायजाकडे पाहत होता. पंचांनी खूप खल करून शेवटी मान्य केलं होतं, की कातरवेळेपर्यंत ती धवलारीणच आहे आणि गावात दुसरी नाही. ती पाटावर बसली. मावशी तिच्या मागे, घोंगडी पांघरून.

बायजानं गायला सुरुवात केली. तिनं एकही कडवं गाळलं नाही. मोठ्या घरच्या लग्नातही कंटाळून जी सोडून देत, तीसुद्धा तिनं गायली. हळदीचं, मांडवाचं, सोयऱ्यांचं, पाच नद्यांच्या पाण्याचं. झेलणाऱ्या बायांची चेष्टा हळूहळू थांबली. तो आवाज एका झुडपासाठी फार मोठा होता, हे सगळ्यांनाच जाणवू लागलं. शेवटची अक्षता पडली. लोक उठले, काळुरामच्या बापानं कोयता उचलला. रुई तोडायची राहिली होती.

बायजा उठली नाही. तिनं श्वास घेतला आणि पाठवणीचा धवला धरला.

"अगो, तिची कसली पाठवनी?" एक म्हातारी म्हणाली. "ती उबी हाय तिथंच ऱ्हानार!"

बायजानं ऐकलं नाही. आईनं उंबऱ्यात ओटी भरली, असं ती गात होती. बापानं बांधापर्यंत सोबत केली. माहेरची वाट मागं वळून बघू नये, तरी लेक बघते. झेलायला कोणीच नव्हतं. तिची ओळ एकटीच वर जाई आणि रिकामी खाली येई.

मग कोणीतरी झेलली. नंदा होती ती, पोटुशी, माहेरपणाला आलेली. तिच्या हळदीला झाला तो घोळ गाव अजून विसरलं नव्हतं. ती पुन्हा खाली बसली आणि तिनं ओळ झेलली. बापानं डोळे वटारले, पण तिनं तिकडे पाहिलंच नाही. मग तिच्या शेजारची बसली. मग दुसरी. शेवटी सगळ्या बसल्या, आणि कोयता हातात धरून काळुरामचा बाप नुसताच उभा राहिला. वारा मुळीच नव्हता, तरी काळुरामच्या मुंडावळ्या हलत होत्या.

गाणं संपलं. बायजानं पाटाला हात लावून नमस्कार केला आणि पाट मावशीच्या हातात दिला.

दिवेलागणीला मावशीच्या मागच्या दारी पाट लागला. दोन म्हाताऱ्या, एक पंच, हातावर हात. कोणी काही गायलं नाही. जवळच कुठेतरी चुलीवर भात उतू गेल्याचा वास आला. तेवढंच.

सकाळच्या ओहोटीला मचवा सुटला. धुक्यात मिठागराचे बांध पुसट होत गेले. काळुराम तिच्याजवळ सरकून बसला. तिची बोटं थंडगार होती, ती त्यानं आपल्या हातात घेतली.

"गप कला?" त्यानं घाबरत विचारलं. "बायजा… काय तरी बोल. नायतं गा. हितं कोन नाय आयकायला."

बायजा मागं जाणाऱ्या किनाऱ्याकडे पाहत होती.

"नवरी हाय मी," ती म्हणाली. "नवरी कदी गाते का?"

तो हसला. ती हसली नाही. पण त्याच्या हातातून तिनं हातही सोडवून घेतला नाही.